वॉल्टर कॉफमन

वॉल्टर कॉफमन (जन्म : कार्ल्सबाड, बोहेमिया, १ एप्रिल १९०७, मृत्यू : ब्लूमिंग्टन, इंडियाना, ९ सप्टेंबर १९८४) हे संगीतकार, संगीतसंचालक आणि संगीतशास्त्रज्ञ होते. आकाशवाणीच्या प्रसिद्ध संकेतधुनेच्या रचनेचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते.

पूर्वायुष्य

कॉफमन यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. हे जन्मगाव आज चेक प्रजासत्ताकात कार्लोव्ही व्हारी या नावाने ओळखले जाते. बर्लिनमध्ये त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले; पुढे प्राग येथील जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास केला. आपले प्राध्यापक नाझी विचारांचे आहेत हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरेटची पदवी घेण्याचे नाकारले. कादंबरीकार फ्रान्झ काफ्का यांची भाची गेर्टी हेर्मान ही त्यांची पत्नी होय.

मुंबईतील कार्य

जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यानंतर १९३४ च्या प्रारंभी कॉफमन मुंबईस आले. भारताचा परवाना सहज मिळत होता आणि मुक्काम अल्पकाळाचा ठरेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते येथे सुमारे बारा वर्षे राहिले. येथे आल्यावर ऐकलेल्या भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांना प्रथम अगम्य वाटल्या. तथापि, जे संगीत असंख्य लोकांना प्रिय आहे ते आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्या कानांची आहे, असे मानून त्यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला.

त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. तिच्या मैफलींत कॉफमन पियानो वाजवीत, तर पारशी व्हायोलिनवादक मेहली मेहता आणि इटालियन चेलोवादक व्हेर्गा त्यांना साथ देत. संगीतसंचालक झुबिन मेहता हे मेहली मेहतांचे पुत्र होत. चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्यासाठीही कॉफमन यांनी काम केले.

नभोवाणी

१९३७ ते १९४६ या काळात ते ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. संकेतधून शिवरंजनी रागावर आधारलेली आहे. तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर तीत व्हायोलिनचे सूर फिरतात. हे व्हायोलिनवादन मेहली मेहतांचे असल्याचे मानले जाते. दोन परंपरांचा हा मेळ लाखो घरांत दररोज सकाळी ऐकू येई. मात्र तिच्या रचनाकाराचे नाव बहुतेक श्रोत्यांना अपरिचितच राहिले. १९३८ मध्ये त्यांची ‘अनसूया’ ही नभोवाणी-संगीतिका प्रसारित झाली.

उत्तरकाळ व लेखन

१९४६ मध्ये भारत सोडल्यावर ते इंग्लंडमार्गे कॅनडात गेले. १९४८ ते १९५८ या काळात ते विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक होते. त्यानंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात त्यांनी संगीतशास्त्राचे अध्यापन केले. मध्य भारतातील गोंड आणि बैगा समाजांच्या गीतांवर त्यांनी लेखन केले. ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ (१९६८) व ‘द रागाज ऑफ साउथ इंडिया’ (१९७६) हे त्यांचे महत्त्वाचे ग्रंथ होत. निर्वासित म्हणून मुंबईत सुरू केलेला अभ्यास अशा रीतीने त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वापर्यंत चालू ठेवला.