समाजस्वास्थ्यकार रघुनाथ धोंडो कर्वे

जुन्या मराठी वाचनालयांत काही पुस्तके ग्रंथपालाच्या पाठीमागच्या कुलूपबंद कपाटात ठेवण्याची रीत होती. नोंदवहीत त्यांची रीतसर नोंद असे. पण मागणाऱ्याचे वय आणि चेहरा पाहिल्यावाचून ती हाती पडत नसत. रघुनाथ धोंडो कर्वे यांची पुस्तके बहुधा याच कपाटातली. बीदर-कलबुर्गीचा आपला मुलूख निजामी अमदानीत होता. सरकारदरबारची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. अशा काळात पुण्या-मुंबईस जे वाद पेटत, त्यांची धग येथवर पोचविण्याचे काम मराठी ग्रंथ आणि नियतकालिके करीत. त्या वादांपैकी पुष्कळ विझले. एक मात्र अजून धुमसतोच आहे : मुलांना शरीरधर्माविषयी आणि कामजीवनाविषयी सांगावे काय, आणि सांगावयाचे तर कोणत्या वयात व कोणी? २००७ साली माध्यमिक शाळांसाठी आखलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी थांबविला, तेव्हा भाषेवरून आणि सीमेवरून भांडणारी ही दोन शेजारी राज्ये या एका प्रश्नावर एकमताची निघाली. वाचनालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने, या वादात सर्वांत आधी आणि सर्वांत एकाकीपणे उभ्या राहिलेल्या माणसाचे चरित्र आठवणे अप्रस्तुत ठरू नये.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला आणि शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर आले. त्यावरून महाराष्ट्रात केवढे रण माजले हे सर्वविदित आहे. दोन वर्षांनी धोंडोपंतांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांचा बहिष्कार ओढवून घेतला. बाळंतपणात दगावलेली आई आणि वैधव्यातून नव्या संसारात आलेली दुसरी आई, अशी दोन रूपे ज्या मुलाने घरातच पाहिली, त्याला स्त्रीच्या शरीराचा प्रश्न पुस्तकात शोधावा लागला नसावा. हा आमचा तर्क आहे. पण त्यांच्या पुढील आयुष्याची संगती त्याने लागते.

मुलगा बुद्धीने असामान्य होता. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला आणि १९०४ साली फर्ग्युसनमधून बी. ए. झाला. पुढे वडिलांप्रमाणेच त्यांनी गणिताचे अध्यापन पत्करले. पॅरिसला जाऊन गणिताचे उच्च शिक्षणही घेतले. परत आले ते निराळाच संकल्प करून. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. भारतात असे केंद्र त्यापूर्वी नव्हते. १९२३ साली संततिनियमनावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या वेळी ते विल्सन महाविद्यालयात प्राध्यापक होते. मिशनरी चालकांना हा उद्योग रुचला नाही. प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच पडला आणि १९२५ साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई या निर्णयात त्यांच्याबरोबर होत्या. आपल्याला मूल नको असे या दांपत्याने ठरविले होते आणि त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करवून घेतली. त्या काळी काय, आजही या बाबतीत पुरुष मागे सरतो आणि बायकोला पुढे करतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या साध्या कृतीचे मोल कळते.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढे सव्वीस वर्षे हे मासिक त्यांनी जवळजवळ एकहाती चालविले. संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, स्त्रीचा कामसुखावरील हक्क असे विषय त्यात निःसंकोचपणे येत. मुखपृष्ठावर नग्न चित्रे असत. शरीरात लाज वाटण्याजोगे काही नाही, हे सांगण्याचा तो त्यांचा मार्ग होता. पण या चित्रांनी विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले, हेही नमूद केले पाहिजे. त्यांची लेखणी बोचरी होती आणि प्रतिपक्षाची मने सांभाळण्याची कला त्यांना साधली नाही, किंवा ती त्यांना नकोच होती.

मासिकाचे खरे मर्म वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होते. जे प्रश्न आईबापांना विचारता येत नाहीत, गुरुजींना विचारले तर छडी मिळते आणि वैद्याजवळ जीभ रेटत नाही, ते लोक पत्राने कर्व्यांना विचारीत. हस्तमैथुनाने शरीर झिजते काय, अशा धास्तीने कित्येक तरुणांची झोप उडालेली असे. भोंदू औषधवाले त्या धास्तीवर गबर होत. कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारे रोखठोक उत्तर देत. १९३१ साली एका लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला, तो नेमका या प्रश्नोत्तरांवरून. या वेळी त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वाचकाने जे विचारले त्याचे उत्तर देणे हे संपादकाचे कामच आहे, आणि लैंगिक विषयाचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता नव्हे, असा बचावाचा रोख होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. अस्पृश्यतेच्या लढ्यात आकंठ बुडालेल्या बाबासाहेबांनी हे वकीलपत्र घ्यावे, यातच कर्व्यांच्या कार्याचे महत्त्व आले.

कर्वे मुख्यतः प्रौढांसाठी लिहीत; शाळेचा अभ्यासक्रम आखून देणारे ते शिक्षणाधिकारी नव्हते. परंतु अज्ञान म्हणजे निष्पापपणा नव्हे, हा त्यांच्या लेखनाचा पाया शाळकरी मुलांच्या प्रश्नालाही लागू पडतो. त्यांच्या काळचे चित्र आठवावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे लग्न लावून तिला सासरी धाडण्यास समाजाची ना नव्हती. मात्र तिथे काय होणार हे तिला आधी सांगणे पाप होते. शारदा कायद्याने १९२९ साली मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले, पण तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे निजामाचे; तेथे तो नव्हता. जिला मातृत्व सोसावयाचे ती ज्ञानास मात्र लहान, हा तर्क कर्व्यांच्या गणिती बुद्धीला पटणे शक्यच नव्हते. गंमत अशी की, आजच्या कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला म्हैसूर संस्थानाने १९३० साली सरकारी संततिनियमन केंद्रे उघडली होती. ज्या कामासाठी कर्व्यांना मुंबईत नोकरी गमवावी लागली, तेच काम तेथे राजसत्तेने हाती घेतले होते.

आजच्या पालकांची शंका सर्वस्वी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वर्गात कोण शिकविणार, कोणत्या शब्दांत, मुलामुलींना एकत्र की वेगळे, हे प्रश्न खरे आहेत. औराद-भालकीकडच्या एखाद्या मराठी शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळत असेल, तर हा विषय त्याच्या गळ्यात मारून भागणार नाही. परंतु लहान मुलांना नेमके काय सांगावयाचे, याविषयी गैरसमज फार. युनेस्कोच्या २०१८ सालच्या सुधारित मार्गदर्शिकेत पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अवयवांची खरी नावे, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणणे आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगणे, अशा गोष्टी आहेत. मुलाजवळ त्या अवयवाला नावच नसेल, तर झालेला अत्याचार ते कोणत्या शब्दांत सांगणार? २०१२ साली बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला; त्या कायद्याखाली तक्रार नोंदवावयाची तरी मुलाला आधी बोलता आले पाहिजे.

रघुनाथरावांना यश फारसे लाभले नाही. महात्माजी कृत्रिम साधनांच्या विरोधात होते, सनातनी तर होतेच, आणि सुधारक म्हणविणारेही अंतर राखून असत. पैशाची ओढग्रस्त कायमची. मालतीबाई त्यांच्या आधी गेल्या. शकुंतलाबाई परांजपे यांच्यासारखी मोजकी माणसे संततिनियमनाच्या कार्यात खंबीरपणे उभी राहिली; शकुंतलाबाई पुढे राज्यसभेवर नियुक्त झाल्या. १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले. त्यानंतर वर्षभरातच, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथरावांचे निधन झाले. ‘समाजस्वास्थ्य’चा अखेरचा अंक त्यांच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबरात निघाला. वडील तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि मुलामागे ते आणखी नऊ वर्षे जगले.