देव पडद्यावर आणणारा माणूस

सुरुवातीलाच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळे पाटोद्याला आजीकडे अडकलो होतो. दूरदर्शनवर 'रामायण' मालिका पुन्हा लागली होती. मालिका सुरू व्हायच्या आधी आजी हातपाय धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि राम दिसला की हात जोडायची. मला हसू यायचं. तो मेकअप केलेला नट आहे, हे मी तिला समजावूनही सांगितलं. गंमत म्हणजे तिला ते माहीत होतं, तरी ती हात जोडायची! हे कोडं मला पुढे सुटलं, ते दादासाहेब फाळक्यांविषयी वाचताना.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित, म्हणजे पुराणं घरातच. मुलाचा ओढा मात्र चित्रकला आणि यंत्रांकडे. मुंबईचं जे. जे. स्कूल, मग बडोद्याचं कलाभवन. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, जे दिसेल ते शिकायचं हा त्यांचा स्वभाव. आजच्या भाषेत सांगायचं तर एकाच माणसाने चार ब्रँच केल्या! काही काळ ते राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम करत होते. देवळातले देव याच छापील चित्रांतून घराघरांतल्या भिंतींवर पोचले होते. पुढे स्वतःचा छापखाना काढला, १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन रंगीत छपाई शिकून आले. पण भागीदारांशी पटलं नाही आणि चालता धंदा सोडून ते बाहेर पडले. वय चाळिशीचं, हातात काही नाही.

अशा दिवसांत गिरगावातल्या एका सिनेमागृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. हे वाचताना मला आमच्या शाळेतलं ख्रिसमसचं नाटक आठवलं. त्यात मी मेंढपाळ असायचे आणि येशूचा जन्म झाला की हॉलमध्ये सगळे एकदम गप्प व्हायचे. फाळक्यांना पडद्यावर येशू दिसत होता, पण मनात राम आणि कृष्ण उभे राहत होते. आपले देव असे का दिसू नयेत, या एका विचाराने ते झपाटले.

मग रात्रंदिवस सिनेमे बघणं आणि प्रयोग करणं सुरू झालं. ताण इतका पडला की काही काळ दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली आणि हे पुन्हा कामाला लागले. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकून आले, कॅमेरा घेतला. भांडवल देणाऱ्यांना पटावं म्हणून कुंडीतलं बी उगवून वेल वाढते, याचं छोटं चित्रण करून दाखवलं. माझ्या मते तो भारतातला सगळ्यात भारी प्रोजेक्ट डेमो! पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. एवढंच नाही, फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक हेही त्यांनीच केलं.

विषय ठरला राजा हरिश्चंद्राचा. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई तयार होईना, कारण सिनेमात काम करणं लाजिरवाणं समजलं जायचं. शेवटी हॉटेलातला आचारी अण्णा साळुंके तारामती झाला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. आवाज नव्हता, पण अडलं नाही. कारण गोष्ट लोकांना कीर्तनातून आधीच पाठ होती. नव्या यंत्राला प्रेक्षक मिळवून दिले ते जुन्या श्रद्धेने. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. म्हणजे पुराणाच्या आडोशाने एक नवी गोष्टही घडून गेली.

१९१७ मध्ये 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! तरी पडद्यावर राम आला की लोक पायातल्या चपला काढून ठेवायचे, असं सांगतात. पुढच्या वर्षी फाळक्यांची कंपनी नाशिकला उभी राहिली. त्याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराचं दार दलितांना बंद होतं. त्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला. पडद्यावरचा राम मात्र तिकिटाच्या पैशात दिसत होता. फाळक्यांनी हा विचार केला असेल की नाही कोण जाणे, पण त्यांच्या यंत्राने ते केलं.

१९३१ मध्ये बोलपट आले आणि काळ बदलला. 'सेतुबंधन' फारसा चालला नाही, १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा ठरला. नव्वदहून जास्त चित्रपट करणारा हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये गेला, तेव्हा ज्या उद्योगाला त्याने जन्म दिला तो त्याला जवळपास विसरला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ चा, म्हणजे पंचवीस वर्षांनी!

लोक साळुंकेला ओळखत नव्हते असं थोडंच आहे? तो नट आहे हे माहीत असूनच चपला निघत होत्या. मूर्ती दगडाची आहे हेही आपल्याला माहीत असतंच की. हात जोडले जातात ते आपल्या मनातल्या रामाला. दगड, कागद किंवा पडदा हे फक्त निमित्त. आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं. इंजिनीअरिंगला आलेल्या नातीला मात्र त्यासाठी फाळके वाचावे लागले.

आता पाटोद्याला गेले आणि आजीने टीव्हीसमोर हात जोडले, तर मी हसणार नाही. तिच्या शेजारी बसेन, आणि मनातल्या मनात एक नमस्कार फाळक्यांनाही करेन.