पंडिता रमाबाईंची श्रद्धा इतक्या संकटांत टिकली कशी?

१८९३. पुण्यातल्या शारदा सदनावर टीकेचं वादळ उठलं. पंडिता रमाबाई मुलींना बाटवतात, असा आरोप झाला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

पण रमाबाईंना संकटं नवी नव्हती. आई-वडील दुष्काळात गेले, मग भाऊ आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही.

१८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी लेक मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. मग शंका मिटल्या का? नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्या तिथल्या धर्मगुरूंशी वाद घालत राहिल्या. चर्च सांगेल ते मुकाट मानणं त्यांना जमलं नाही. मनाला खरी शांती मिळायला आठेक वर्षं लागली.

अशी तावून सुलाखून निघालेली श्रद्धा पुण्यातल्या विरोधानं डगमगली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुलींना केडगावला आणलं आणि तिथं ‘मुक्ती’ उभं राहिलं. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. भाषांतर मात्र थांबलं नाही. ते हातावेगळं करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले.