लुई पिलेमर : काळाच्या पुढचा शोध
प्रतिपिंडांनी खूण केल्यावाचून रक्तातील 'कॉम्प्लिमेंट' ही संरक्षक प्रथिनांची फळी जागी होत नाही, हा समज रूढ होता. जोहान्सबर्ग येथे १९०८ साली जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले जीवरसायनशास्त्रज्ञ लुई पिलेमर यांनी त्याला छेद दिला. क्लीव्हलँड येथे त्यांना 'प्रॉपर्डिन' हे प्रथिन गवसले. त्याच्या साह्याने प्रतिपिंडांविनाही ही फळी कार्यरत होते, असे त्यांनी १९५४ मध्ये मांडले. तांबड्या पेशी फुटून लघवी लाल होणाऱ्या 'पीएनएच' या दुर्मीळ विकाराशीही त्यांनी हा धागा जोडला. हा अत्यल्प प्रतिपिंडांचाच परिणाम, अशी टीका झाली. टीका शास्त्राला नवी नाही. पण उत्तर देण्याइतका अवधी त्यांना लाभला नाही. १९५७ मध्ये, ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे 'पर्यायी मार्ग' म्हणून त्यांचा शोध मान्य झाला. त्याच मार्गाला रोखणारे 'इप्टाकोपॅन' हे औषध पीएनएचसाठी अमेरिकेत संमत झाले, ते २०२३ मध्ये.