रागदर्पणकार फकीरुल्ला

ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर याने इ. स. १४८६ पासून १५१६ पर्यंत राज्य केले. तो संगीताचा मोठा जाणकार व ध्रुपदाचा आश्रयदाता होता. नायक बक्षूसारखे थोर कलावंत त्याच्या दरबारी जमत. रागांच्या लक्षणांविषयी त्यांच्यात जी चर्चा झाली, तिच्यातून ‘मानकुतूहल’ हा ग्रंथ निर्माण झाला. पुढे ग्वाल्हेरचे राज्य तोमरांच्या हातून गेले आणि हा ग्रंथही दुर्मिळ झाला.

इ. स. १६६३ च्या सुमारास त्याची एक जुनी प्रत फकीरुल्ला नावाच्या मोगल सरदाराच्या हाती पडली. फकीरुल्ला हा तरबियतखानाचा पुत्र. गादीच्या युद्धात त्याने औरंगजेबाचा पक्ष घेतला होता व त्याला ‘सैफखान’ ही पदवी मिळाली होती. तलवारीच्या बळावर वर चढलेल्या या माणसाला गाण्याचे विलक्षण वेड होते. दरबारातील उमराव गाणे आवडीने ऐकत. पण त्यामागील शास्त्र ज्या भाषांत होते, त्या बहुतेकांना वाचता येत नसत. फारसी मात्र सर्वांना येई. म्हणून फकीरुल्लाने ‘मानकुतूहल’ फारसीत आणावयास घेतले.

मध्यंतरी त्याला काश्मीरची सुभेदारी मिळाली. राज्यकारभाराच्या धकाधकीतही त्याने लेखन सोडले नाही. इ. स. १६६६ च्या सुमारास दहा प्रकरणांचा ‘रागदर्पण’ पुरा झाला. तो निव्वळ अनुवाद नव्हे. फकीरुल्लाने त्यात स्वतःची भर घातली, आपल्या काळातील गायक-वादकांची माहिती दिली आणि आपली मतेही निर्भीडपणे मांडली. मानसिंहाच्या काळचे नायक शास्त्र व कला दोहोंत पारंगत होते. अकबराच्या दरबारातील गवयी गळ्याने गोड खरे, पण शास्त्रात उणे, असे त्याचे मत होते. तानसेनाचीही त्याने गय केली नाही! हा न्याय थोडा कठोरच म्हटला पाहिजे.

अमीर खुसरौने अल्लाउद्दीन खिलजीच्या सिंहासनाखाली लपून गोपाल नायकाचे गाणे ऐकले, ही कथाही ‘रागदर्पणा’त आहे. गोपाल नायक हा देवगिरीचा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु ही कथा त्या काळानंतर साडेतीनशे वर्षांनी लिहिली गेली असल्यामुळे तिला इतिहास मानता येत नाही.

औरंगजेबाच्या राज्यात संगीताला मूठमाती मिळाली, असा समज रूढ आहे. बादशहाने स्वतः गाणे ऐकणे १६६८ च्या सुमारास सोडले, हे खरे. परंतु त्याच्याच सुभेदाराने हा ग्रंथ लिहिला. आणि त्याच सुमारास मिर्झा रौशन जमीर याने अहोबलाचा ‘संगीतपारिजात’ फारसीत आणला.

फकीरुल्ला इ. स. १६८४ मध्ये मरण पावला. ‘रागदर्पणा’च्या हस्तलिखित प्रती मात्र जतन झाल्या. त्यांवरून शहाब सरमदी यांनी सिद्ध केलेली संशोधित आवृत्ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. मानसिंहाच्या दरबारात रागांविषयी काय बोलले गेले, हे जाणण्यासाठी अभ्यासकांना आज मुख्यतः या फारसी ग्रंथाकडेच वळावे लागते.