वेटसूट एम घ्यायचा की एल? आधी ॲनेट केलरमनची गोष्ट वाचा

मी सोलापूरची. आपल्याकडे समुद्र नाही, पण सर्फिंग शिकायला निघालेल्या मैत्रिणी मला ॲपवरच्या साइज चार्टचे स्क्रीनशॉट पाठवतात आणि विचारतात, वेटसूट एम घेऊ की एल? मग मी आधी त्यांना ॲनेट केलरमनबद्दल सांगते.

कोण होती ही ॲनेट?

ॲनेटचा जन्म 1886 साली ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळ झाला. लहानपणी पाय इतके अशक्त की पोलादी पट्ट्या लावाव्या लागायच्या. पायांत ताकद यावी म्हणून आईवडिलांनी तिला पोहायला घातलं. पाय तर सुधारलेच, शिवाय 1902 मध्ये तिने न्यू साउथ वेल्समधल्या बायकांच्या शर्यतीही जिंकल्या.

त्या काळी बायका पाण्यात उतरायच्या त्या लोकरीचा झगा, खाली सैल विजार, पायात मोजे अशा थाटात. टेरी टॉवेल भिजल्यावर किती जड होतो, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. तसं ओझं अंगावर घेऊन पोहायचं कसं? ॲनेट पुरुषांसारखा अंगाला चिकटून बसणारा सूट घालायची.

खाडी, आणि सोललेल्या काखा

1905 मध्ये ती वडिलांबरोबर इंग्लंडला गेली आणि इंग्लिश खाडी पोहून जायचा तिने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा जमलं नाही. या पोहण्याबद्दल तिने पुढे लिहिलं. बरोबरचे पुरुष कपड्यांशिवाय पोहत होते, तिला मात्र सूट घालणं भाग होतं. सूट छोटासाच होता, पण घासून घासून तिच्या काखा सोलून निघाल्या.

लंडनच्या बाथ क्लबमध्ये राजघराण्यातल्या मंडळींसमोर पोहायचं ठरलं, तेव्हा उघडे पाय चालणार नाहीत असं सांगण्यात आलं. तिने सुटालाच काळे लांब मोजे शिवून टाकले. पाय झाकले गेले आणि हालचालही मोकळी राहिली. पुढे तिच्या नावाने बायकांसाठी वन-पीस स्विमसूट विकले जाऊ लागले.

अमेरिकेत ती पाण्यातल्या कसरतींचे शो करायची. हार्वर्डच्या डडली सार्जेंट यांनी तिची मापं घेऊन तिचा बांधा जवळपास आदर्श असल्याचं जाहीर केलं. पेपरांना बातमी मिळाली. पण एकाच बाईच्या मापाला आदर्श म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? ॲनेटने 1918 मध्ये पोहायला शिकवणारं पुस्तक काढलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘नेपच्यून्स डॉटर’ (1914) आणि ‘अ डॉटर ऑफ द गॉड्स’ (1916) हे तिचे सिनेमेही गाजले. 1975 मध्ये ती वारली.

वेटसूट कुठून आला?

1952 मध्ये तिच्या आयुष्यावर ‘मिलियन डॉलर मर्मेड’ हा सिनेमा आला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ह्यू ब्रॅडनर हे भौतिकशास्त्रज्ञ निओप्रीनच्या वेटसूटवर काम करत होते. निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुडे असलेलं फोमसारखं रबर. हे बुडबुडे अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. आत थोडं पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेने गरम होतं. सूट सैल असेल तर हे कोमट पाणी सारखं बाहेर जातं आणि गार पाणी आत येतं. मग पैसे पाण्यात!

आता एम की एल?

- छाती, कंबर, नितंब आणि उंची टेपने मोजा. रोजच्या कपड्यांचा साइज इथे धरू नका.
- त्याच ब्रँडचा बायकांचा चार्ट बघा. प्रत्येक ब्रँडचा एम वेगळा असतो. पुरुषांचा छोटा साइज घेतला तर छातीत आवळतो आणि कमरेत सैल पडतो, असं होऊ शकतं.
- घालून बघा. पाठीच्या खालच्या भागात, काखेत आणि जांघेत पोकळी किंवा चुण्या नकोत.
- दोन्ही हात वर करा, पॅडल मारल्यासारखे फिरवा, मग उकिडवं बसा. काखेत ओढलं किंवा घासलं तर सूट परत करा. ॲनेटच्या काखा आठवा!
- कोरडा असताना तो घट्टच वाटतो. पण खोल श्वास घेता आलाच पाहिजे.
- आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी बहुतेक वेळा कोमट असतं. तिथे जाड सूट नको, रॅश गार्ड किंवा पातळ सूट पुरतो.

ऑर्डर करताना रिटर्न पॉलिसी नक्की वाचा आणि टॅग काढायच्या आधी हात वर करून बघा. दुकानदार, घरचे किंवा रील बघणारे काय म्हणतील याचा विचार नंतर. लाटेवर तुम्हाला उभं राहायचंय, तेव्हा माप तुमचंच हवं.