पासोलिनी आणि संत मत्तय

पिएर पाओलो पासोलिनी १९२२ सालीं बोलोन्या येथें जन्मले. हे इटालियन कवि व चित्रपटकार श्रद्धावंत नव्हते. ऑक्टोबर १९६२ मध्यें ते असिसीस एका ख्रिस्ती संस्थेचे पाहुणे असतां पोप तेविसावे जॉन तेथें यात्रेस आले. गर्दीमुळें खोलींतच राहिलेल्या पाहुण्यानें उशाजवळचें शुभवर्तमान हातीं घेतलें. त्यावरून १९६४ सालीं त्यांनीं प्रभूच्या चरित्राचा चित्रपट केला. पटकथेंत संवाद मात्र नवे रचले नाहींत. संत मत्तयाचेच ठेविले. (आम्हां प्रवचनकारांस हा संयम क्वचितच साधतो!) क्रुसापाशीं विलाप करणाऱ्या मरियामातेच्या भूमिकेंत त्यांनीं आपली आई सुझान्ना यांस उभें केलें. त्या माउलीचा धाकटा पुत्र ग्विदो १९४५ सालीं युद्धकाळांत मारला गेला होता. १९७५ सालीं पासोलिनींचाही खून झाला, तेव्हां सुझान्ना हयात होत्या.